बेनिककाकांचा तिसरा पेला

काराबाखमधल्या आमच्या गावात लग्न म्हटलं की पेला उचलून बोलायचा मान बेनिककाकांचा. शेवट ठरलेला, "मातीचं एक ढेकूळही देणार नाही!" पोरं टेबलं बडवायची. त्यांतलाच अरेव्हातमावशीचा सेरोब लढाईत मारला गेला. पुढे गावही शत्रूच्या हाती गेलं आणि आम्ही सगळे आर्मेनियात आलो.

काल इथल्या मासिस शहरात भाड्याच्या हॉलात लग्न होतं. तिसरा पेला मेलेल्यांचा. तो उभं राहून, पेल्याला पेला न भिडवता प्यायचा. काका उभे राहिले आणि गप्पच झाले.

"म्हणा की, बेनिकभाऊ," समोरून अरेव्हातमावशी म्हणाली. "ते ढेकळाचं. माझ्या सेरोबला पाठ होतं."

काका हळूच म्हणाले, "अरेव्हात, लढाईच्या तोंडावर मी माझ्या पोराला..."

"रशियाला धाडलंत. ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक होतं."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलू दिलंत कुठे? दर लग्नात तुमचंच भाषण!"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. शेवटी सेरोबचं नाव मावशीनंच घेतलं आणि आम्ही सगळे प्यायलो. काकांनी मात्र पेला ओठांना लावला नाही.