भिंगरीबाईंची नवी नोकरी

पायाला भिंगरी लागलेली माणसं तुम्ही पाहिली असतील, पण ही बाई नखशिखांत भिंगरी. औषधांच्या गोदामात निम्मं आयुष्य गेलं, तिथेच तिला हे नाव पडलं आणि ते इतकं चिकटलं की घरचेही तेच म्हणायला लागले. एखादं खोकं चुकीच्या फळीवर दिसलं की ही झेपावलीच. तिथे ते शोभायचंही. औषधांची अदलाबदल झाली तर कुणाच्या तरी जिवावर बेतायचं.

गोदाम बंद पडलं तेव्हा लोकांना वाटलं, आता ही घरी बसेल. घरी बसेल? ही? अहो, हिने आधीच संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ग्रंथालयाचा कोर्स उरकला होता, केस पिकायला लागलेले असताना, मुलाच्या वयाच्या पोरांशेजारी बाकावर बसून. सार्वजनिक वाचनालयाच्या किशोर विभागाला माणूस हवंय असं कळलं आणि हिने अर्ज ठोकला. "या वयाची मुलं सांभाळणं जमेल?" मुलाखतीत विचारलं. "त्यात काय, एक वाढवलाय की!" म्हणाली. तो वाढवलेला एक परगावी नोकरीला होता. फोन करायचा रविवारी, तोही दोन वाक्यांचा.

सहा महिने कच्ची नोकरी, मग जमलं तर पक्की. खोली चांगली होती. दोन मोठ्या खिडक्या, कोपऱ्यात गाद्या, खेळांचं एक टेबल आणि दाराशी पुस्तकांच्या देवघेवीचं टेबल. त्या टेबलामागची खुर्ची मात्र हिला चावायची. मूल दारात दिसलं रे दिसलं की ही उभी. "काय हवं? कादंबरी? अभ्यासाचं? खेळ? पंखा लावू?" पोरं बिचारी नुसती टेकायला आलेली असायची. हळूहळू ती बाहेरच्या जिन्यावर टेकायला लागली.

पहिल्याच आठवड्यात एक मुलगी आली. दप्तर छातीशी धरलेलं, वेणी अर्धी सुटलेली. टेबलासमोर उभी राहिली आणि "म... म..." करत थांबली. मान ताणली गेली, डोळे मिटले. भिंगरीबाईंना कसलं बघवतंय! "मासिकं? ती तिकडे. मैत्रीण शोधतेस? मोबाइल चार्ज करायचाय? मग काय, बाथरूम? डावीकडे, बाळा, डावीकडे!" मुलीने मान डोलावली आणि मुकाट बाथरूमकडे गेली. आपण बरोबर ओळखलं म्हणून भिंगरीबाई खूश. तिला बाथरूमला जायचंच नव्हतं, हे कळायला हिला पुढे बरेच महिने लागले.

मग एका पुस्तकाचं प्रकरण सुरू झालं. बोलताना अडखळणाऱ्या मुलांसाठी लिहिलेलं, पातळसं. त्याची जागा आरोग्याच्या फळीवर, पण ते सापडायचं नकाशांच्या जाडजूड पुस्तकांच्या मागे, भिंतीला टेकून. भिंगरीबाईंनी ते जागेवर ठेवलं. दोन दिवसांनी पुन्हा नकाशांमागे. पुन्हा जागेवर, पुन्हा मागे. गोदामातलं रक्त खवळलं. हा नक्की खेळाच्या टेबलावर पडीक असणाऱ्या त्या उंच पोराचा, लंबूचा, चावटपणा, असं ठरवून तिने त्याला सगळ्यांदेखत झापलं. लंबू म्हणाला, "मी नकाशाला कशाला हात लावू, मॅडम? मला शाळेतलाच झेपत नाही." पोरं खदखदली. भिंगरीबाईंनी चिडून पुस्तक आपल्या कपाटात टाकलं आणि कुलूप लावलं. चोराला आता बघतेच म्हणाली.

मुख्य ग्रंथपालबाई फार संथ. दोन शब्दांच्या मध्ये त्यांचा चहा पिऊन व्हायचा. त्यांनी तिला खोलीत बोलावलं.

"पुस्तकं तुम्ही छान लावता," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"हो ना, आता नवीन लेबलंही..."

"माझं झालं नाही अजून."

भिंगरीबाई ओशाळल्या.

"मुलं कमी झालीत. या वयाची मुलं विचारून सांगत नाहीत काही. आपण वाट बघायची, मग ती सांगतात. माझा अनुभव आहे." पुन्हा तेच लांबलचक थांबणं. "तुम्हाला कामाचा उरक आहे, वाट बघणं जमत नाही. महिनाअखेर तुमचं पक्कं करायचं की नाही ते मला ठरवायचंय. जमणार नसेल तर मी हिशेब विभागात शब्द टाकते, तिथे तुमच्यासारखं माणूस त्यांना हवंच आहे."

हिशेब विभाग! रागाने तिचे कान तापले. बस सोडून ती घरापर्यंत तरातरा चालत गेली, तरी राग उतरेना. रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा तिने सगळं सांगितलं आणि वर विचारलं, "वाट बघता येत नाही म्हणे मला! तूच सांग, तुला कधी..."

"आई, मी..."

"कधी तोडलं का मी तुला बोलताना?"

तिकडून मुलगा हसला. मग म्हणाला, "लहानपणी मला वाटायचं, तुला माझं सगळं आधीच माहीत असतं. मग सांगायचं कशाला? तीच सवय लागली बघ." आणि नेहमीसारखा फोन झटकन संपला. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर.

सोमवारी ती अर्धवट वेणीवाली मुलगी आली. भिंगरीबाई फळ्या पुसत होत्या, मुलीला त्या दिसल्या नाहीत. मुलीने नकाशांमागे हात घातला. कोपरापर्यंत घातला, चाचपला. मग शेजारची पुस्तकं एकेक करून ओढून बघितली. चेहरा पांढराफटक. टेबलाकडे दोन पावलं आली, रिकामी खुर्ची बघितली, मागे फिरली आणि गेली.

अरे देवा. भिंगरीबाईंच्या हातातलं फडकं गळालं. विचारायला तोंड उघडत नाही म्हणून लपवून, उभ्या उभ्या वाचत होती पोरगी, आणि आपण ते कुलपात घालून चोर धरायला बसलो! तिने पुस्तक काढलं आणि नकाशांमागे होतं तसं भिंतीला टेकवून ठेवलं. लंबूला गाठून म्हणाली, "चुकलं माझं." लंबू इतका गांगरला की त्यानेच उलट माफी मागितली.

मुलगी आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. दार वाजलं की भिंगरीबाईंचा जीव वरखाली. महिना संपत आला. नोकरी गेली तर गेली, पण ही पोर पुन्हा आलीच नाही तर आपण तोंड कुणाला दाखवायचं, असं तिला झालं. आरशातही बघवेना.

आणि एका दुपारी ती आली. खोलीत लंबू आणि कंपनी खेळत होती. मुलगी नकाशांकडे गेलीच नाही. सरळ टेबलाशी आली, दप्तर खाली ठेवलं आणि तोंड उघडलं.

"त... ते..."

भिंगरीबाईंच्या जिभेवर सगळं तयार होतं: आहे गं बाळा, जिथे होतं तिथेच ठेवलंय, जा घे. एवढं म्हटलं की पोरीची सुटका. आपलीही. पण मुलगी तिच्या डोळ्यांत बघत होती, आणि त्या बघण्यात सुटकेची मागणी नव्हती. भिंगरीबाईंनी दातांखाली जीभ धरली. लंबू मदतीला उठत होता, त्याला हातानेच बसवला.

"ते प... प... पु..." खेळणाऱ्यांच्या सोंगट्या थांबल्या. भिंगरीबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"ते पुस्तक म... मला घरी न्यायचंय."

घरी! लपवायला नाही, घरी न्यायला मागत होती! आपण मध्येच बोललो असतो तर ही पुन्हा नकाशांमागे गेली असती, कायमची. भिंगरीबाईंचे डोळे भरून आले.

"ने की," ती म्हणाली. "पण कार्ड लागेल. नाव..." आणि तिच्या लक्षात आलं की आपण काय मागून बसलो. तिने घाईघाईने कागद आणि पेन पुढे सरकवलं. "लिहून दे, चालेल."

मुलीने पेन परत सरकवलं.

"स... सांगते."

भिंगरीबाई खुर्चीत बसल्या. दोन्ही हात मांडीत घेतले. मुलीने श्वास घेतला, नावाचं पहिलं अक्षर धरलं, ते सुटलं, पुन्हा धरलं. दारात मुख्य ग्रंथपालबाई येऊन उभ्या होत्या, त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. किती वेळ लागला कोण जाणे. पण नाव आणि आडनाव, दोन्ही तिने तिच्या तोंडाने सांगितलं.