नकार लेखी द्या

ऑफिसात त्यांना सगळे सॉकेटबाई म्हणत. पाठीमागे म्हणत तसं तोंडावरही म्हणत, कारण बाईंची त्याला हरकत नव्हती. कंपनी रुग्णवाहिकांसाठी ॲप बनवायची. नकाशे आणि रंगीत बटणं करणारी मंडळी खिडकीपाशी बसत, आणि बाई बसत खांबाशेजारी. कंपनीच्या सर्व्हरशी बोलणं सुरू करून देणारी लायब्ररी, ॲपमधला कोडचा तेवढा भाग, त्यांची. नावावरून सर्व्हरचे पत्ते काढायचे, सॉकेट उघडायचा, म्हणजे बोलण्यासाठी आपल्याकडचं टोक तयार ठेवायचं, आणि त्यातल्या एका पत्त्यावर जोडणी मागायची. हे नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

जोडणी फसली, तर तो सॉकेट कुरवाळत बसायचं नाही, बंद करून नवा घ्यायचा, हा बाईंचा नियम. नवऱ्याच्या बाबतीतही हिनं तेच केलं, असं त्यांची धाकटी बहीण म्हणते. बाई त्यावर हसतात आणि विषय बदलतात.

या नोकरीआधी सतरा वर्षं बाई एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर होत्या. लाइन व्यस्त आहे, घंटा वाजतेय पण कुणी उचलत नाही, की तारच मेलीय, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. सुपरवायझरचा हुकूम होता की सगळ्यांना एकच सांगायचं, "लाइन लागत नाही." बाई मात्र सांगायच्या, "वॉर्डात माणूस आहे, बोलतोय, जरा धरा," किंवा "तिथे कुणी नाही, मी शेजारच्या वॉर्डात लावून देते." त्यापायी दोन मेमो मिळाले. बाईंनी ते घडी घालून जपून ठेवलेत.

बोर्ड बंद झाला तेव्हा बाई एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. प्रोग्रॅमिंग शिकल्या, इथे अर्ज केला आणि चार महिने वाट पाहिली. उत्तर नाही. मग एका सकाळी ऑफिसात येऊन दारासमोरच्या बाकावर बसल्या. "नाही म्हणायचं असेल तर म्हणा, मी उठते," एवढंच त्यांचं म्हणणं. नाही म्हणायला कुणीच पुढे येईना. दुपारी कंटाळून त्यांना परीक्षेला बसवलं, आणि बाई पास झाल्या.

तर अशा बाईंना एका सकाळी एका ड्रायव्हरचा फोन आला.

"ताई, पडद्यावर नुसतं गोल फिरत होतं हो. आत पेशंट, आणि कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं तेच दिसेना. चौकात उभा होतो मी. अर्धा मिनिट."

पेशंट वाचला होता. बाईंनी नोंदी उघडल्या आणि त्यांचं तोंड उतरलं. पहिल्या सर्व्हरनं क्षणात नकार दिला होता. मशीन चालू होतं, त्यावरचा प्रोग्रॅम बंद पडला होता, म्हणून मशीननं सरळ सांगितलं होतं की इथे ऐकणारं कुणी नाही. दुसरा पत्ता हाताशी असताना लायब्ररी मात्र तीस सेकंद त्याच दारावर थापा मारत राहिली. नकार आला काय आणि नुसती शांतता असली काय, तिच्या लेखी दोन्ही सारखंच. आणि हे बाईंच्याच हातचं होतं. दोन वर्षांपूर्वी विभागाचे साहेब म्हणाले होते, "सगळ्या चुका एकाच प्रकारात टाका, सुटसुटीत होईल," आणि बाईंनी मान डोलावली होती. आयुष्यात एकदाच ऐकलं आणि तेही नेमकं चुकीच्या माणसाचं, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

दोन दिवसांत त्यांनी कोड बदलला. नकार आला तर त्याच क्षणी पुढचा पत्ता. शांतता असेल तर तीन सेकंद वाट पाहायची, मग पुढचा पत्ता. आणि काय झालं ते ड्रायव्हरला स्पष्ट दिसायला हवं.

साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. "पडद्यावर 'सर्व्हरनं नकार दिला' असं दिसलं, तर आपला सर्व्हर बंद होता हे गिऱ्हाइकाला कळेल ना, बाई."

"कळू दे की. बंदच होता."

"बघू. पुढच्या महिन्यात बघू."

बाई जागेवर गेल्या आणि एका कागदावर एक ओळ लिहून परत आल्या. "नकार आणि शांतता वेगळे ओळखू नयेत, असा माझा आदेश आहे." खाली सहीसाठी जागा सोडली होती.

"सही करा, साहेब. मी कोड मागे घेते."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, मग पेनाकडे, मग खिडकीबाहेर.

"हा नकार नाही झाला," बाई म्हणाल्या. "ही शांतता झाली. शांततेला माझ्याकडे मुदत तीन सेकंदांची आहे."

त्यांनी खरंच तीनपर्यंत मोजलं. मग कागद उचलला आणि जिना चढून थेट कंपनीच्या मालकीणबाईंच्या केबिनमध्ये गेल्या.

मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "खाली काय म्हणाले?"

"काहीच नाही. म्हणून वर आले."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर इथे सही करा. तुमच्या सहीचा कागद घेऊन मी त्या ड्रायव्हरकडे जाईन."

मालकीणबाईंनी कागद दोनदा वाचला. पेनाला हात लावला नाही. "घाला तुमचा कोड," त्या म्हणाल्या, "आणि तो कागद फाडा."

कोड त्याच दिवशी ॲपमध्ये गेला. कागद बाईंनी फाडला नाही, दोन मेमोंच्या शेजारी ठेवला. पुढच्या आठवड्यात ड्रायव्हरचा पुन्हा फोन आला. "ताई, आज पहिला नाही म्हणाला, लगेच दुसरा लागला. थांबायला लागलंच नाही."

साहेबांनी याचा सूड उगवलाच. बाईंनी आता झेरॉक्स मशीनच्या मागच्या खोलीत बसावं, असा निरोप त्यांनी शिपायाकरवी धाडला. बाईंनी त्याच शिपायाबरोबर उलट निरोप पाठवला की आदेश लेखी द्यावा, खाली सही असावी.

त्याला आता पाच महिने झाले. बाई खांबाशेजारीच बसतात.