लाल हापशाचं तीर्थ

औरंगपुऱ्यात रिक्षावाल्याशी हुज्जत घालून बसस्टँड गाठलं तेव्हाच माझं डोकं तापलं होतं. त्यात एसटीची खिडकी लागेना, देवगाव रंगारीपर्यंत धूळ खात आले. साताऱ्याहून मावशीला भेटायला निघालेली मी. तिच्या गावात कॉलराची साथ आहे, हे मावसबहीण लतानं मला उतरवून घेतल्यावर सांगितलं. लता त्या गावची आशाताई (घरोघर फिरणारी आरोग्यसेविका). "आधी सांगितलं असतं तर तू आलीच नसती, ताई," म्हणाली. खरंच होतं ते.

भर दुपारी तिच्या स्कूटीवरून गावात शिरलो. दारं उघडी, पण ओट्यावर कुणी नाही. भांड्यांचा आवाज नाही, पोरांचा नाही. एका खिडकीतून एक बाई बघत होती. मी हात केला, तर तिनं खिडकी लावून घेतली.

चौकात हापसा (हातपंप) होता. पाणी दूषित निघालं म्हणून सरकारी माणसांनी त्याला लाल रंग फासलेला. दांड्याला मात्र हिरव्या बांगड्या, पायाशी लिंबू.

"हे कुणी केलं?"

"म्याच," लता म्हणाली. "टँकरच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून लोक इथलंच नेत व्हते. लाल रंगाला कोण विचारतंय? म्हणलं, मरीआईला (पटकीच्या देवीला) भिऊन तरी हात लावणार नायत."

मला हसू आलं. मग खाली लक्ष गेलं. भोवतीची माती ओली होती, आणि लिंबाशेजारी ताजं हळदकुंकू. लतानंही ते पाहिलं आणि स्कूटी घराकडे पळवली.

मावशी भिंतीशी पडली होती. डोळे खोल गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच राहायची. उशाशी झाकलेला तांब्या.

"हापशावरचं तीर्थ हाय," ती पुटपुटली. "समदे घेत्यात. तू रोज आजाऱ्यांच्या घरात जाती, लते. तुझ्यासाठीच घेत व्हते."

लता आईला चमच्याचमच्यानं ओआरएसचं पाणी पाजायला लागली. मी शेजारची जीप मिळवली.

जीप चौकातून गेली तेव्हा हापशापुढे बायका तांबे घेऊन गप उभ्या होत्या. लता बाहेर वाकून सांगत राहिली, "पिऊ नका, बांगड्या म्या बांधल्यात." कुणी मानसुद्धा वळवली नाही.

देवगावच्या दवाखान्यात सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढल्या. दुसऱ्या दिवशी मावशी उठून बसली तशी लता तिच्या पायांशी रडली. "आई, देवी-बिवी काय नाय. म्याच बांधल्या त्या."

मावशीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "येडी हायस. तुझ्या हातानं तिनंच बांधून घेतल्या. म्हणून तर वाचले मी."

साताऱ्याला परतले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. मावशी वाचली याचा आनंद होता, आणि मनातून धास्तीही वाटत होती. दूषित पाण्याला लाल रंग लावता येतो. त्याच पाण्यानं आपण तरलो म्हणणारं माणूस धडधाकट होऊन गावात शिरलं, तर त्याला कोण अडवणार? सलाईन तर गावानं पाहिलीच नव्हती.

तेवढ्यात लताचा फोन आला. "ताई, डॉक्टर म्हणत्यात आईला घरी न्या. हापसा उखडंस्तोवर तिला तुझ्याकडं ठिवशील का?"

मी पिशवी पुन्हा भरायला घेतली.