मडकं गप होईपर्यंत

जव्हारच्या एसटी स्टँडबाहेर एक बाई खिमापाव विकायची. कोंबडीचा खिमा कोयत्याने स्वतः बारीक करून, हिरव्या मिरचीचा ठेचा लावून सकाळीच मडक्यात भरायची. झाकण नागलीच्या पिठाने लिंपून मडकं निखाऱ्यांवर ठेवायची, ते दुपारीच उघडायची.

एकदा माझी मोखाड्याची गाडी सुटायला आली, तरी झाकण बंदच. मी वैतागून म्हणालो, "मावशी, द्या आता, गाडी जाईल."

तिने मडक्याजवळ कान नेला. "आत अजून बोलतंय," ती म्हणाली. "गप झालं का देते."

मागून हॉर्न वाजला. मान न वळवता तिने नुसता हात वर केला. साहेबांच्या जीपलाही वाट न देणाऱ्या त्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, आणि भरलेली गाडी मडकं गप होण्याची वाट बघू लागली.