आप्पांचं नाव शेवटच्या अंतऱ्यात

गाणं ऐकत फिरणाऱ्या माणसाच्या पदरात गाणं कमी आणि भानगडी जास्त पडतात, हे माझं आता पक्कं मत झालंय. घरून निघायचं कव्वालीला आणि परत यायचं किस्सा घेऊन! बायको दारातच विचारायची, "कसं झालं गाणं?" मी म्हणायचो, "गाणं सोड, आधी काय झालं ते ऐक!" तिनं आता गाण्याचं विचारणंच बंद केलंय.

माझं शिरूरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की मी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप चालवतो. नाव 'आज कुठं?'. शिरूर-दौंड पट्ट्यात कुठं ऑर्केस्ट्रा, कुठं भीमगीतं, कुठं भजन, कुठं कव्वाली, सगळं त्यात टाकायचं. ग्रुपात माणसं ढीगभर, पण खरी येडी आम्ही तिघंच. मी, निमोण्याचे नाना आणि दौंडचा शकील. नाना कांदा पिकवतात, शकील टेम्पोतून साऊंडचे बॉक्स वाहतो. तिघांनाही गाण्याचं भयंकर वेड आणि तिघांच्याही गळ्यात सूर नावाला नाही. शकीलच्या वाढदिवसाला आम्ही तोंड उघडलं, तर त्याची अम्मी म्हणाली, "बेटा, केक काटो, गाना रहने दो!"

*

ग्रुपवर नवा आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "कार्यक्रम किती वाजता?"

अरे बाबा, पत्रिकेवरच्या वेळेला फक्त सतरंजीवाला येतो! खरी वेळ फ्लेक्सवर असते. फ्लेक्सवर जेवढे फोटो तेवढे सत्कार, आणि सगळ्यांना शाल-नारळ मिळाल्याशिवाय पेटीवाल्यानं बोट उचलायचं नाही. हे शास्त्र नानांचं.

वडगाव रासाईत एकदा फ्लेक्सवर एवढी गर्दी होती, की बिचाऱ्या गायकाचा फोटो कोपऱ्यात पासपोर्ट साईजचा. नानांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "लई टाइम हाय." पाहुण्यांच्या घरी गेले, चहा घेतला, जेवण केलं, जरा पाठ टेकली आणि निवांत परत आले. स्टेजवर शाली चालूच!

नानांनी शेजारच्याला विचारलं, "कुठवर आलंय?"

तो म्हणाला, "माजी समदे झाले. आता भावी सुरू झाल्यात!"

*

आता वैशालीताईंची ओळख करून देतो, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यांच्यापायी.

वैशालीताई एसटीत कंडक्टर. आवाज असा, की मागच्या दारातून "पुढं सरका" म्हणल्या, तर पुढच्या गाडीतली माणसं सरकतील. गातात तर काय सांगू! त्यांचे वडील आप्पा रेल्वेत गँगमन होते, आता रिटायर होऊन दौंडलाच असतात. आप्पांना लहानपणी शाळा मिळाली नाही. वैशालीताई पहिलीत गेल्या, तेव्हा लेकीच्या पाटीवर आप्पा अक्षरं शिकले. शिकल्या शिकल्या त्यांनी एक गाणं रचलं, तीन अंतऱ्यांचं. आणि गाणं रचणाऱ्यानं आपलं नाव शेवटच्या अंतऱ्यात गुंफायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. आप्पांनीही तिसऱ्या अंतऱ्यात घातलं, 'भागाजी म्हणे'.

आता आप्पांची एवढीच हौस, की आपलं नाव एकदा स्पीकरवरून ऐकायचं. लेक गाते, आप्पा पहिल्या रांगेत बसतात. पण तिसरा अंतरा काही येत नाही! दरवेळी मधे काहीतरी उपटतंच.

पहिल्यांदा आम्ही ते बघितलं दौंडला, भीमजयंतीच्या कार्यक्रमात. ताईंचा पहिला अंतरा झाला, टाळ्या पडल्या, दुसरा सुरू झाला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब आले!" झालं! निवेदकानं ताईंच्या हातातला माईक घेतला तो घेतलाच. साहेबांनी भाषणात सांगितलं, "मला गाण्याची फार आवड आहे."

मी आप्पांना म्हणलं, "आप्पा, वाईट वाटून घेऊ नका."

आप्पा हसले. "आरं, आपलं नाव शेवटच्या, गार्डाच्या डब्यात हाय. इंजिन येतंय, डबं येत्यात, पर गार्डाचा डबा काय फलाटाला लागत न्हाई!"

त्या दिवशी आम्ही तिघांनी ठरवलं, हा डबा फलाटाला लावायचाच.

*

एका लग्नात जमेल असं वाटलं. वडगाव रासाईचंच लग्न, नवरदेव नानांचा भाचा, ऑर्केस्ट्रा शकीलच्या ओळखीचा. ताईंना आम्ही घुसवलं. सत्कार आधीच उरकले होते. पहिला अंतरा झाला, दुसरा झाला! मी शकीलचा हात दाबला. शकीलनं माझा दाबला. आप्पा खुर्चीत पुढं सरकून बसले.

तेवढ्यात मंडपातून हाक आली, "पंगत बसलीयऽऽ!"

सांगतो तुम्हाला, मंडप रिकामा व्हायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात चप्पलसुद्धा घालून होत नाही. ढोलकीवाला ढोलकी काखेत मारून गेला. बेंजोवाला त्याच्या मागं. कुणीतरी माईकच उचलून नेला, "वऱ्हाडी मंडळींनी डाव्या हाताला बसून घ्या" सांगायला!

आम्ही आप्पांना शोधत गेलो, तर आप्पा पानावर बसलेले. आमचे पडलेले चेहरे बघून म्हणाले, "बसा की रं. गाणं ऱ्हायलं, पर मठ्ठा झकास झालाय!"

*

मधे एक प्रकार घडला तो सांगतो, पण बाहेर बोलू नका.

ग्रुपवर मेसेज आला, 'उद्या सकाळी भीमेच्या काठी भजन, गायक एक नंबर.' मी आणि शकील मोटरसायकलवर पोचलो. मंडप, खुर्च्या, पांढऱ्या टोप्या, जिकडंतिकडं गर्दी. बुवांनी असा काही आलाप घेतला की माझं भानच गेलं. मी उभा राहिलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "वन्स मोअर!"

सगळा मंडप वळून माझ्याकडं बघायला लागला. शकीलनं माझा शर्ट ओढला आणि पुढं बोट दाखवलं. टेबलावर फोटो, फोटोला हार, बाजूला समई. दशक्रिया चालली होती!

पहिल्या रांगेतला एक गृहस्थ उठून आला. डोकं नुकतंच भादरलेलं, म्हणजे मुलगाच. मला वाटलं, आता माझीही दशक्रिया इथंच. तो हात जोडून म्हणाला, "पाहुणं, आबा वन्स मोअर यायचे न्हाईत हो!"

मी नदीत उडी मारायच्या बेतात होतो. तेवढ्यात त्या आबांच्या घरच्या म्हातारबाई म्हणाल्या, "बुवा, म्हना पुन्यांदा. ह्यांचं बी एकदा ऐकून कवा भागायचं न्हाई." बुवांनी पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा जास्त चांगलं झालं.

*

मग नानांनी छातीवर हात मारला. "आमच्या निमोण्यात कार्यक्रम ठेवतो. सत्कार न्हाई, पंगत न्हाई. फक्त ताईंचं गाणं. कोण आडवं येतंय बघतोच!"

आणि खरंच, बंदोबस्त असा केला की विचारू नका. जेवणं आधीच उरकून घेतली. साहेब म्हणवून घेणाऱ्या कुणाला आवतणच नाही. गावात लाईट नव्हती, तर नानांनी पदरचा जनरेटर लावला. गावातल्या पोरांना ताईंबरोबर फोटो काढायचे होते, ते म्हणे गाणं झाल्यावर!

ताई गायला लागल्या. पहिला अंतरा. दुसरा अंतरा. नाना स्टेजच्या पायऱ्यांवर पहारेकऱ्यासारखे उभे.

आणि कुणाच्या तरी घरातला बल्ब पेटला.

"लाईट आलीऽऽ!"

थ्री फेज! कधी येईल, कधी जाईल, देवालाही माहीत नाही. कांद्याला पाणी द्यायचं राहिलेलं सगळं गाव मोटारी चालू करायला शिवाराकडं पळालं. आणि सगळ्यांच्या पुढं कोण? नाना! ताई स्टेजवरून ओरडल्या, "अवो नाना, तुम्ही तरी थांबा की!" नाना पळता पळता म्हणाले, "ताई, माझा वाफा सगळ्यात लांब हाय!"

ढोलकीवालाही निमोण्याचाच होता, तोही गेला. मी आप्पांपुढं खाली मान घालून उभा राहिलो. आप्पा म्हणाले, "चुकलं न्हाई त्यांचं. गाणं उद्या बी म्हणता येतंय. लाईट उद्या कुणी बघितली?"

पण घरी जाताना गाडीत आप्पा तिसरा अंतरा स्वतःशीच पुटपुटत होते. मला फार वाईट वाटलं.

*

नानांना तर रात्रभर झोप नाही. सकाळी दुकानात हजर. "आयडिया हाय! ताईंनी गाणं उलटं म्हणायचं. तिसरा अंतरा पहिला! नाव आधीच होऊन जातंय, मग लाईट येऊ द्या न्हाईतर पंगत बसू द्या!"

आम्हाला पटलं. लगेच आप्पांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. आप्पांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला ऐकला.

"पहिल्या अंतऱ्यात आम्हाला शाळेची वाट दावणाऱ्यांचं नाव हाय. त्यांच्या आधी माझं? पाव्हण्याच्या आधी यजमान जेवतो व्हय रं नाना?"

नाना म्हणाले, "न्हाई जेवत, आप्पा." आणि फोन ठेवून चहा मागवला.

*

ह्या हिवाळ्यात दौंडला रिटायर झालेल्या रेल्वेवाल्यांचा मेळावा होता. भर दुपारचा. सगळे म्हातारे, सगळे एका कामावरचे, त्यामुळं कुणी कुणाचा सत्कार करायचा हा प्रश्नच नाही. जेवणं झालेली, साहेब कुणी नाहीत, कांदा कुणाचा नाही. साऊंड शकीलचा. शकील म्हणाला, "भाई, आज मैं वायर पे बैठा हूँ. कोई हिलके दिखाए!"

ताईंनी गायला सुरुवात केली. पहिला अंतरा संपला, धृपदाला म्हाताऱ्यांनी टाळ्या धरल्या. दुसरा संपला. पुन्हा धृपद. मी मांडवाच्या दाराकडं बघितलं, कुणी येत नव्हतं. नाना डोळे मिटून उभे. ढोलकी चालू होती. आता तिसरा!

आणि ताई गप्प.

ढोलकीवाल्यानं एक आवर्तन फिरवलं, दुसरं फिरवलं. ताईंनी तोंड उघडलं, मिटलं. घरी भाकरी थापताना शंभरदा म्हटलेला अंतरा, पण माईकवर कोरा! मग त्या आमच्याकडं बघून माईकमधेच म्हणाल्या,

"अवो, इथवर मी कवा आलेच न्हाई! पुढं काय हाय?"

सगळा मांडव हसायला लागला. सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडं वळल्या. ज्यांनी लिहिलंय ते समोरच बसलेत की! "आप्पा, सांगा! आप्पा, बोला की!"

आप्पा लाजून लाल. टोपी काढली, परत घातली. "आरं, माझं नाव मीच कसं घ्यायचं?"

मग काय! मी, नाना आणि वायरवर बसलेला शकील, तिघं तीन सुरांत एकदमच ओरडलो, "भागाजीऽऽ!"

ताईंनी कानावर हात ठेवला. "शब्द कळला! सूर तेवढा मागं घ्या!"

आणि डोळे मिटून, तारसप्तकात, दौंडच्या पार त्या टोकापर्यंत जाईल असं त्यांनी म्हटलं, "भागाजी म्हणे..."

पहिल्या रांगेत आप्पा ताडकन उभे राहिले, पाय जुळवले आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"हजर!"