तबकातली दुर्बीण

नव्वदच्या दशकात बोईसरमध्ये दर तिसऱ्या फाटकावर 'अत्याधुनिक' शब्द लिहिलेला असे. आमच्या कारखान्यावरही होता. तिथल्या प्रयोगशाळेत मी नोकरीला असल्यामुळे त्या शब्दाची लायकी मला ठाऊक होती. तरीही स्टेशनाजवळच्या एका रुग्णालयाच्या फलकासमोर मी भाविकासारखा उभा राहिलो. 'वाकणाऱ्या दुर्बिणीने मुतखड्याचे ऑपरेशन. चीर नाही, टाके नाहीत.'

माझा खडा डाव्या मूत्रनलिकेत अगदी वर, मूत्रपिंडाच्या तोंडाशी अडकला होता. सरळ दुर्बीण तिथवर पोचत नाही, असं मला सांगण्यात आलं होतं. वडिलांचा असाच खडा सत्तरच्या दशकात कुशीला वीतभर चीर देऊन काढला होता. त्यानंतर पालघरच्या घरी त्यांनी विहिरीवरची भरलेली बादली कधी उचलली नाही. ती मी उचलली. मला ती चीर नको होती, एवढंच.

रुग्णालयाचे मालक तापखोकल्याचे डॉक्टर. दुर्बीण त्यांनी घेतली होती, पण ती चालवायला मुंबईहून सर्जन येत. उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांनी तिच्यातून स्वतःचा तळहात पाहिला होता आणि तालुक्याचं भविष्य उज्ज्वल असल्याचं तिथल्या तिथे जाहीर केलं होतं.

माझ्या ऑपरेशनला डॉक्टरांनी दसऱ्याचा मुहूर्त धरला. सर्जन मनोरमार्गे गाडीने अकराला येणार, त्याआधी नऊला शस्त्रपूजा. औद्योगिक वसाहतीत त्या दिवशी लेथपासून ट्रकपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात झेंडू पडतो, तिथे रुग्णालयाने मागे का राहावं? थिएटरबाहेर टेबलावर कात्र्या, चिमटे, सुऱ्या मांडल्या. मधल्या तांब्याच्या तबकात दुर्बिणीला मानाची जागा. आणि मी, रुग्णाचा झगा घालून, उपाशीपोटी, दिवसाचा मानकरी म्हणून शेजारच्या खुर्चीत.

दुर्बीण चांगली हात-दीड हात लांब आणि तबक पोळपाटाएवढं. ती त्यात मावेना. डॉक्टर तिला वेटोळं घालू लागले तशा मावशी पुढे झाल्या. मावशी जवळच्याच किनाऱ्यावरच्या नवापूरच्या, कोळ्याच्या घरातल्या. दर ऑपरेशननंतर दुर्बीण धुऊन ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं.

"साहेब, तिला इतकी मुडपायची नाय. सर्जनसाहेबांनी मला बजावलंय. आत काचेचे केस हायेत."

"मावशी, वाकणारी आहे म्हणून तर घेतली," डॉक्टर हसले. "देवापुढे काय दोरीसारखी लोंबकळत ठेवायची?"

"दोरी तरी आमी अशी मुडपतो काय?"

जमलेल्या परिचारिका हसल्या. डॉक्टर हसायचे थांबले. मावशी माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमी शिकलेले. तुमी सांगा ना यांना."

काचेचा तंतू किती वाकवला की तुटतो, हे प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी समजावायला नको. समारंभांची टिंगल हा तर माझा जुना छंद. पण दोन तासांनी मी ज्यांच्या टेबलावर उताणा पडणार होतो, त्यांचा चारचौघांत पाणउतारा करायची माझी छाती झाली नाही. "सणाचा दिवस आहे मावशी, चालायचंच," मी म्हणालो. वर डॉक्टरांनी वेटोळं सुटू नये म्हणून झेंडूच्या माळेचा दोरा आवळला, तेव्हा गाठीवर बोट मीच धरलं. मग हळद, कुंकू, आरती. टाळ्याही मीच सगळ्यांत जोरात वाजवल्या.

पूजा आटोपल्यावर मावशींनी गाठ सोडली, हळदकुंकू धुतलं आणि दुर्बीण औषधात बुडवली.

साडेअकराला कमरेत सुई देऊन मला अर्धा बधिर केला. वरचा अर्धा शुद्धीवर होता आणि त्याला कान होते. पडद्यावर चित्र आलं. मोहरीचा डबा सांडावा तसे काळे ठिपके, तुटलेल्या काचेच्या केसागणिक एक.

"हे काय?" सर्जन म्हणाले. "ही कुणी मुडपली?"

गाठीवर धरलेलं बोट मी मुठीत दुमडलं.

"सर, खडा तरी दिसतोय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"खडेच खडे दिसतायत. त्यांतला यांचा कुठला, ते तुम्हीच सांगा."

त्यांनी बराच वेळ खटपट केली. तुंबलेली लघवी तरी सुटावी म्हणून खड्याच्या बाजूने बारीक तार सरकवायचा प्रयत्न केला, तीही जाईना. मूत्रपिंड मागे फुगलं होतं, थांबण्यात अर्थ नव्हता. शेवटी ते माझ्या डोक्याशी आले आणि फार सभ्यपणे म्हणाले, "उघडून काढावं लागेल. तुमची हरकत नाही ना?" कमरेखाली पाय आहेत की नाहीत हेही कळत नसलेल्या माणसाने हरकत घेऊन जायचं कुठे? मी मान हलवली. सर्जनांनी हात पुढे केला. पूजेतली एक सुरी त्यांच्या हातात आली. तिच्यावरही हळद पडली होती, पण तिचं काही बिघडलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशी माझं अंथरूण सारखं करायला आल्या. पट्टी पाहून म्हणाल्या, "काल बोलला का नाय, भाऊ?"

"डॉक्टर नाराज झाले असते. वाटलं, मग ऑपरेशन नीट करणार नाहीत."

"आता नीट झालं ना?" त्यांनी उशी झटकली आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

आठवड्याने घरी जाताना रिक्षा त्याच फलकाखालून गेली. पालघरला पोचलो तर वडील दारात उभे होते. त्यांनी माझ्या कुशीकडे पाहिलं आणि विहिरीवर भरून ठेवलेली बादली अर्धी रिकामी करून स्वतः आत आणली.