रस्ता संपतो तिथे आईचं पान

आई गेल्यावर माझा देवावरचा विश्वास उडाला असं म्हटलं तर ते फार भारदस्त वाटेल. खरं सांगायचं तर माझा विश्वास उडाला तो कावळ्यावरचा. ती गेली तेव्हा साथीमुळे विमानं बंद होती. साताऱ्यात धाकट्या भावानं सगळं केलं. मी टोकियोजवळच्या इचिकावातल्या फ्लॅटमध्ये अंघोळ करून, पाटाऐवजी योगाच्या चटईवर बसून, मोबाइल भिंतीला टेकवून ते बघितलं. दहाव्याला पिंड ठेवले. कावळे आले, बाभळीवर बसले, पण शिवेनात. भावानं हात जोडून जे जे सुचेल ते कबूल केलं. मावशीला अंतर देणार नाही, घर मोडणार नाही, तुझी तुळस वाळू देणार नाही. कावळे ढिम्म. शेवटी ऊन चढलं तसा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे आंघोळीला गेले. माझ्यापुरतं मात्र ते तिथंच थांबलं. फोन ठेवताना आई दर वेळी एकच विचारायची, "येतोयस कधी?" तिचा जीव कशात अडकला होता हे त्या कावळ्यांना कळलं होतं, एवढंच मी धरून बसलो.

पुढच्या पितृपक्षातही भारतात जाऊन परत येणं सोपं नव्हतं. तिच्या तिथीला खऱ्या कावळ्यानं माझ्या हातचं पान शिवायला हवं, हा हट्ट मात्र मनात घट्ट झाला होता. इचिकावात कावळ्यांना तोटा नाही. कचऱ्याच्या दिवशी जाळीखालची पिशवी ओढून काढून फाडण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. म्हणून तिथीच्या आदल्या आठवड्यात मी बाल्कनीत वरणभाताची रंगीत तालीम केली. कावळ्यांनी ढुंकून पाहिलं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई तेवढ्या आल्या, वाकून वाकून माफी मागितली, आणि आपल्या वाळत घातलेल्या चादरीवर वरण सांडल्याचं सांगितलं. चूक माझी, माफी त्यांची. मी लाजेनं अर्धा झालो.

त्याच सुमारास ऑफिसातल्या एकानं जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या पार टोकाच्या रौसू गावाचे फोटो दाखवले. समुद्राला खेटून काळे डोंगर, दोऱ्यांवर वाळत घातलेले मासे, आणि वरच्या बांबूवर ओळीनं बसलेले धष्टपुष्ट कावळे. मी तिथल्या तिथं रजा टाकली. बायको म्हणाली, "अहो, लोक तिकडं डोंगर बघायला जातात. तुम्ही कावळे बघायला निघालात!" पण पहाटे उठून तिनं उडदाचे वडे तळले, खीर आणि वरण केलं, आमसुलाची चटणी बरणीत भरली आणि सगळं बर्फाच्या पिशवीत घालून माझ्या हाती दिलं.

रौसूच्या पुढे एकच रस्ता किनाऱ्यानं उत्तरेला जातो आणि एका ठिकाणी सरळ संपतो. वळण नाही, फाटा नाही. पुढे फक्त गोटे, समुद्र आणि धुक्यात शिरलेले कडे. त्या दिवशी वारा असा होता की डोळ्यांतलं पाणी कानाकडे जात होतं. इतक्या दूर येऊन मला आईची आठवण कमी होण्याऐवजी अशी दाटून आली, की वाटलं, ती याच रस्त्यानं गेली असणार आणि थोडा लवकर आलो असतो तर पाठमोरी तरी दिसली असती.

तिथं अस्वलाचं चित्र असलेली पिवळी पाटी होती. मी तिचा फोटो काढून बायकोला पाठवला आणि त्याच पाटीखाली डबा उघडला. खाणावळीच्या मालकिणीकडून सकाळी करून घेतलेला भात, वरण, तूप, वडे, खीर, सगळं कागदी ताटलीत वाढलं. ताटली एका सपाट दगडावर ठेवली, उदबत्ती लावायचा प्रयत्न केला, वाऱ्यानं काडेपेटी संपवली. मग हात जोडून मोठ्यानं "काव काव" करू लागलो. पोटात सकाळपासून काही नव्हतं. कावळ्यानं घास घेतल्याशिवाय मी जेवणार नव्हतो. दोन कावळे आले, खांबावर बसले आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिले. "आई, आलोय गं," मी म्हणालो, "आता घे."

"ए! उचल! उचल ते!"

पाठीमागून रबरी बूट घातलेली एक म्हातारी दगडांवरून धावत येत होती. टोकियोत शिकलेलं अदबीचं जपानी त्या किनाऱ्यावर कुणाला ठाऊक नसावं. तिनं ताटली माझ्या हातात कोंबली, दंडाला धरलं आणि रस्त्यापलीकडच्या तिच्या घरात ढकललं. दार लावल्यावर बोलली. "अस्वल आलं म्हणजे? माणसाच्या अन्नाची चव लागली की ते दारात येतं. मग त्याला गोळी घालतात. तुला कुणी खाऊ घालायला पाठवलं?"

"अस्वलाला नव्हे, आजी. आईला."

तिनं माझ्याकडे, मग ताटलीकडे बघितलं. मी मोडक्यातोडक्या जपानीत सगळं सांगितलं. कावळा, दर्भ, बंद विमानं. सांगता सांगता पन्नाशीचा मी बाप्या हातात वडे घेऊन रडत उभा राहिलो. ती खिडकीशी गेली आणि बोटानं खूण केली. खाली, माझ्याच सपाट दगडाशी, एक अस्वलीण तोंड खाली घालून हुंगत होती. मागून तिचं पिल्लू गोट्यांवरून धडपडत येत होतं. जरा पुढं जाऊन ती थांबली, वळून बघितलं, पिल्लू आल्यावर मग पुढं निघाली. म्हातारी आणखी थोडी उशिरा धावली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब मी केला नाही, अजूनही करत नाही.

कोपऱ्यात तिचा छोटा देव्हारा होता. आत तिच्या नवऱ्याचा फोटो आणि वाटीत भात. तो बोटीसकट समुद्रात गेला, सापडलाच नाही. तिनं माझी ताटली घेतली, बोट लावून बघितलं आणि वैतागली. "आईला गार भात वाढतात होय?" सरळ मायक्रोवेव्हमध्ये घातली. गरम झालेली ताटली तिनं नवऱ्याच्या वाटीशेजारी ठेवली, छोटी घंटा वाजवली आणि मला शेजारी बसवलं.

"त्यांनी खाल्लं हे कसं कळतं?" मी विचारलं.

"वाफ ते घेतात," ती म्हणाली. "वाफ निवली की जेवण झालं. मग आपण खायचं. टाकायचं नाही."

भातातून वाफ निघत होती. मी त्या वाफेकडे बघत बसलो. काही मागितलं नाही, काही कबूल केलं नाही. येतोयस कधी, याचं उत्तर माझ्यापाशी कधीच नव्हतं, आणि त्या क्षणी ते कुणी विचारतही नव्हतं. वाफ पातळ झाली, मग एक धागा राहिला, मग तोही गेला.

"जेवली," म्हातारी म्हणाली. "आता तू जेव."

मी जेवलो. तिनं एक वडा चाखला, आणखी दोन उचलले, आणि माझ्या पानात न विचारता माशाचं सूप ओतलं. तिथीचा दिवस आहे, मी आज मासे खात नाही, हे शब्द ओठांशी आले होते. ते मी गिळले आणि सूपही प्यायलो. इतके दिवस मी माझ्याच अटींवर दार उघडायची वाट बघत होतो. दार उघडलं ते दंडाला धरून आत ढकलणाऱ्या हातानं. त्या हाताला मी देव म्हणत नाही, तिला ते आवडणारही नाही. एवढंच म्हणतो, की त्या दिवशी कुणीतरी माझ्या आईला गरम जेवू घातलं, आणि पोटभर जेवून मी पुन्हा पान पुढे केलं तेव्हा म्हातारी हसून म्हणाली, "असाच खात असशील तिच्याकडे."